बैल नसलेलं शेत

गिरगाव, १२ जून २०२५

चि. सिद्धार्थ,

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहितो. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, दोन निळ्या खुणा दिसतात, पुढे सगळं शांत. म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टाने धाडतोय. पोस्टमन तुझी सही घेईल आणि बापाने लिहिलेलं काहीतरी तुझ्या हातात पडलं, एवढं तरी मला कळेल. बंगळुरात मराठी पत्र चारचौघांत उघडायची लाज वाटली तर संडासात वाच. तिथे तू लहानपणापासून तासभर बसतोस.

फेब्रुवारीत तू 'दोन आठवड्यांसाठी' गेलास. तिकडे तू शेतीच्या धंद्याचा सल्लागार झालास, हे मला तुझ्या एका व्हिडिओवरून कळलं. अंगात खादीचा कुर्ता, मागे कुणाच्या तरी मालकीचं हिरवंगार रान, आणि तोंडात वाक्य, "शेती हा भावनेचा नाही, नफ्याचा विषय आहे." ते ऐकताना मी कॉटन ग्रीनच्या गोदामात, म्हणजे तुझ्याच नफ्याच्या शेतात, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होतो. तुझा पंप गळला होता. तुझी बायको पाइपाला रबर गुंडाळत होती आणि मी बादली धरली होती. चौतीस वर्षं विमा कंपनीत काढली मी, तिथे साहेबाची बॅगसुद्धा कधी धरली नव्हती.

तुला सल्ल्याचे पैसे मिळतात याचं मला नवल वाटत नाही. लोक ज्योतिषालाही देतात. नवल वाटतं ते तुझ्या धीराचं. ज्या माणसाला स्वतःच्या शेतातली सलाडाची पानं खपवता आली नाहीत, तो दुसऱ्याला नफा शिकवतो. लोअर परळच्या हॉटेलांनी तुझा माल घेणं बंद केलं ते मार्चमध्येच. त्यांना तीच पानं दुसरीकडे स्वस्त मिळाली. पुढचा महिनाभर ती पानं जांभळ्या दिव्यांखाली, पाण्याच्या पाइपांत वाढत राहिली आणि मग कुजली. अनुजाची आई लालबागहून बघायला आली होती. शांताबाईंनी एक पान तोंडात टाकलं, चावलं, आणि मला विचारलं, "काय ओ व्याही, ह्यां गवत खातलो कोण?" तुझ्या साऱ्या धंद्याचा हिशोब त्या बाईने एका वाक्यात केला आणि मानधनही मागितलं नाही.

असो. अनुजाने एप्रिलातच सगळं सलाड उपटून टाकलं. त्या पाइपांत तिने अळू लावलंय. तुझ्या परवानगीची वाट पाहिली नाही, कारण तू तिचाही फोन उचलत नव्हतास. अळूला पाणी लागतं आणि तुझ्या शेतात पाण्याशिवाय दुसरं काही नाहीच. माती नाही, ऊन नाही, मालक नाही.

बाबा

*

गिरगाव, ५ जुलै २०२५

चि. सिद्धार्थ,

माझ्या तीन पानी पत्राला तू उत्तर दिलंस. अनुजाच्या फोनवर, वर केलेला एक अंगठा. खाली, 'टेल बाबा गॉट इट'. पूर्वी निरक्षर माणसं अंगठा लावायची. तुझ्या शिक्षणावर मी उगाच खर्च केला.

बातमी अशी की तुझ्या शेताला नफा झाला. दचकू नकोस. जून संपला तेव्हा धनेशभाईंचं गोदामाचं भाडं गेलं, विजेचं बिल गेलं, आणि तरीही काही उरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते उरलेलं अर्थात तुझ्या खात्यात गेलं, कारण धंदा तुझ्या नावावर आहे. तू त्यातून अनुजाला घरखर्चाला म्हणून काहीतरी पाठवलंस आणि सोबत एक फुलाचं चित्र. आयत्या बिळावर नागोबा निदान फणा तरी काढतो.

नफा कसा झाला ते तुझ्या पुढच्या व्हिडिओसाठी सांगतो. तिने हॉटेलांचा नाद सोडला. ती लोकं उधारीवर घेतात आणि नखरे रोखीने करतात. तिने गिरगाव, परळ आणि दादरची पोळी-भाजी केंद्रं धरली. त्यांना रोज अळू लागतं, माठ लागतो, अंबाडी लागते, आणि पावसाळ्यात बाजारातली पालेभाजी चिखलाने भरलेली येते. आपली येते ती धुतल्यासारखी. केंद्रातल्या बायकांचे निवडायचे कष्ट वाचतात म्हणून त्या चार पैसे जास्त देतात. बस, एवढंच. यात कुठे 'इकोसिस्टिम' नाही की 'व्हिजन' नाही. कुणाला काय हवं ते विचारायचं आणि ते वेळेवर द्यायचं, हे तुझ्या डोक्यात दोन वर्षांत आलं नाही.

तिच्याबद्दल मी फार चांगलं बोलतोय असं वाटू देऊ नकोस. तिचं तोंड भयंकर आहे. काल मी माठाच्या जुड्या लहान-मोठ्या बांधल्या तर म्हणाली, "बाबा, ही काय विम्याची फाइल हाय? सोडा आणि परत बांधा." मी सोडल्या आणि परत बांधल्या. संध्याकाळी पाठ दुखली. तिने मलमाची बाटली आणून समोर आपटली आणि गेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं मी तुझ्या लग्नात पुटपुटलो होतो. घोडं निदान चालतंय.

आता एक गंमत. दादरच्या हिंदू कॉलनीतून राजलक्ष्मीबाई म्हणून एक बाई परवा थेट गोदामात आल्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. केंद्रात आपलं अळू पाहिलं आणि पत्ता काढत आल्या. शटरमधून आत पाहिलं, पाइप पाहिले, दिवे पाहिले, आणि विचारलं, "इथे बैल नाही ना?"

मी म्हटलं, "बाई, हे कॉटन ग्रीन आहे. इथे बैल यायचा तर त्यालाही वाहतूक पोलिसाचा दंड पडेल."

त्यांना माझा विनोद पोचला नाही किंवा पोचूनही त्यांनी तो परत केला. त्या म्हणाल्या, "ऋषिपंचमीला मी बैलाच्या कष्टाचं खात नाही. साठ वर्षं पाळतेय. कुंडीत माठ लावायची, आता गुडघे वाकत नाहीत. तुमची भाजी मला चालेल."

तुझी आईही ऋषिपंचमी पाळायची. नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही, फोडणी नाही, परसातली अळू-माठाची एक मिळमिळीत भाजी. परस नव्हतं म्हणून ती गॅलरीत डबे लावायची. तुला आठवत नसेल. तू त्या दिवशी बाहेरून पिझ्झा मागवायचास. मी तिची थट्टा करायचो, तीही तुला आठवणार नाही. मला या व्रताचं काडीचं कौतुक नाही. पण अनुजा तिथेच रबरी बूट घालून उभी होती आणि तिचे डोळे मी पाहिले. बाईंना तिने स्टूल दिलं, चहा दिला, आणि विचारलं, "आजी, अशी भाजी लागणाऱ्या तुमच्या ओळखीत किती जणी असतील?"

शेती धंदा म्हणून करणं याला म्हणतात, चिरंजीव. कुर्ता लागत नाही.

बाबा

*

गिरगाव, ३ ऑगस्ट २०२५

सिद्धार्थ,

ऋषींच्या भाजीची मागणी वाढली, हे तुला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं. मी फक्त पत्रात लिहिलं. म्हणजे तू माझी पत्रं वाचतोस. बाप म्हणून बरं वाटायला हवं होतं.

अनुजाने ठरवलं होतं ते साधं होतं. अळू, माठ, अंबाडी पाइपांत. शिराळी आणि पडवळ पत्र्याखाली दोऱ्यांवर, कुंड्यांत नारळाचा भुसा भरून. प्रत्येक घराला एक जुडगा. जेवढं उगवेल तेवढ्याच घरांची नावं घ्यायची. राजलक्ष्मीबाईंच्या ओळखीत दादर, गिरगाव, परळ धरून पुष्कळ बायका निघाल्या आणि आषाढ संपायच्या आत तिने नावं घेणं थांबवलं. मी म्हटलं, "अजून घे की." म्हणाली, "बाबा, उगवलं नाय तर काय तुमचा पायजमा देऊ?"

आणि मग तुझे खोके आले. गुळगुळीत पुठ्ठ्याचे, वर सोनेरी अक्षरांत 'ऋषी बॉक्स: शंभर टक्के बैलविरहित'. त्यावर अनुजाचा फोटो. तिच्या भावाच्या लग्नातला, नथ घातलेली, शेजारच्या तुला कापून काढलेलं. सोबत तुझा फोन. बायकोला पाच महिन्यांत पहिल्यांदा तू स्वतःहून फोन केलास आणि तोही खोके मिळाले का हे विचारायला. तू ज्या कंपनीचा सल्लागार आहेस तिच्या अ‍ॅपवर तू ही भाजी विकायला लावलीस. ठाण्यापासून कुलाब्यापर्यंत. गोदामात उगवणार त्याच्या कितीतरी पट.

फोन स्पीकरवर होता. तुला माहीत नव्हतं, म्हणून सांगतो की मी तिथेच होतो.

ती म्हणाली, "एवढं आणू कुठून?"

तू म्हणालास, "अगं, वाशीच्या मार्केटमधून उचल. धू, बॉक्समध्ये भर. सिंपल."

"ते बैलाशिवायचं कसं?"

"अनु, आज बैलाने नांगरतं कोण? सगळीकडे ट्रॅक्टर आहे. टेक्निकली सगळी भाजी बैलविरहितच आहे. आपण खोटं कुठे बोलतोय?"

मी हसलो, मान्य करतो. तर्क बिनतोड आहे. लबाडाचा तर्क नेहमी बिनतोडच असतो. प्रामाणिक माणसाला त्याची गरज पडत नाही म्हणून त्याचा कच्चा राहतो. अनुजाकडे तर्क नव्हता. ती एवढंच म्हणाली, "मी त्या बायकांना सांगितलंय, इथं उगवलेलं देईन." तू म्हणालास, "तुला स्केल कळत नाही." ती म्हणाली, "मला माझी जीभ कळते," आणि फोन ठेवला. खोक्यांचा ढीग तिने शटरजवळ ओलीवर रचला. दोन दिवसांत सोनेरी अक्षरं फुगली.

तुला मी सरळ सांगतो. मला व्रतवैकल्यं हास्यास्पद वाटतात. त्या बायका माझ्या मते भोळ्या आहेत. पण भोळ्या माणसाला फसवायला अक्कल लागत नाही, फक्त निर्लज्जपणा लागतो. तो तुझ्याकडे मुबलक आहे, आणि कुठून आला ते मला कळत नाही. तुझ्या आईकडे नव्हता. माझ्यात इतर दुर्गुण आहेत.

तो फोटो काढून टाक.

बाबा

*

गिरगाव, १९ ऑगस्ट २०२५

सिद्धार्थ,

फोटो काढला नाहीस. ठीक.

आज जे झालं ते तुला कळायला हवं, कारण त्यात तुझं नाव निघालं.

राजलक्ष्मीबाई पुन्हा आल्या होत्या. पंचमीच्या आधी भाजी कशी होतेय ते बघायला. त्यांच्या सुनेने त्यांना अ‍ॅपवरचा तो खोका दाखवला होता. आत येऊन त्यांनी आधी दोऱ्यांवरची पडवळं पाहिली, हात लावून. मग त्या अनुजाजवळ गेल्या.

"हा फोटो तुझा?"

"हो."

"ही कंपनी तुझी?"

"नाही. मिस्टरांचा धंदा आहे. ते बंगळुरूला असतात."

"आणि इथे काम कोण करतं?"

अनुजा पंपाजवळ बसली होती, हाताला खताचं पाणी लागून कातडी सोलली होती. बाईंनी तो हात पाहिला. मास्तरणीची नजर, त्यातून काही सुटत नाही.

"तुला पगार काय मिळतो?"

"घरखर्चाला पाठवतात ते."

"म्हणजे पगार नाही."

"नाही."

बाईंनी पिशवी काखेला लावली. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते मला विसरता येत नाहीये. "व्रतात बैल का नको, ठाऊक आहे? तो राबतो, आणि पीक दुसऱ्याचं होतं. वर्षातून एक दिवस तरी ते पाप पोटात जाऊ नये म्हणून. मुली, राग मानू नकोस. तुझी ही भाजी मला चालायची नाही. माझं नाव काढ."

असं म्हणून त्या गेल्या. भांडल्या नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाही.

मला वाटलं अनुजा चिडेल. तिचं तोंड तुला माहीत आहे. ती तिथेच बसून राहिली आणि रडायला लागली. तुझ्या जाण्याने ती रडली नव्हती. सलाड कुजलं तेव्हा नाही, तू फोनवर तिला अडाणी ठरवलंस तेव्हा नाही. मी तिला पाणी दिलं. तेवढंच मला सुचलं. ती म्हणाली, "बाबा, आजी खोटं बोलल्या काय?"

मी म्हटलं, "नाही."

ऐंशी वर्षांची बाई शटरमधून आत येते आणि दोन मिनिटांत सांगते की आपल्या तळपद्यांच्या शेतात बैल आहे आणि तो लालबागहून आणलाय. ते मला सहा महिने दिसत होतं. मी बादली धरून उभा होतो आणि तुझ्यावर विनोद करत होतो.

तुझ्या माहितीसाठी: गोदामाचा भाडेकरार माझ्या नावावर आहे. तुला आठवत असेल, धनेशभाई तुला गोदाम द्यायला तयार नव्हते. "चिंतामणभाई, तुमी सही करो तो देऊ. छोकरा लई बोलते," असं म्हणाले होते. त्या वेळी मला ते गुजराती मनाचं कोतेपण वाटलं. माणसाची पारख मला तेवढीच आहे.

उद्या मी त्यांच्या पेढीवर चाललोय. करार अनुजाच्या नावाने होईल. पाइप आणि दिवे मी माझ्या फंडातून घेतले होते, त्याच्या पावत्या माझ्या आहेत, तेही तिला देतोय. तुझ्याकडे तुझं नाव आणि तुझे खोके राहतील. हवं तर फोन कर. या वेळी मी उचलणार नाही असं नाही.

बाबा

*

गिरगाव, ३० ऑगस्ट २०२५

सिद्धार्थ,

तू फोन केलास. मी उचलला. तू जे बोललास ते मी कागदावर उतरवत नाही, पोस्टमन सभ्य माणूस आहे. एवढंच सांगतो, 'सेन्टिमेंटल म्हातारा' ही शिवी नाही. निदान मला ती आजवर कुणी दिली नव्हती, त्यामुळे नवी वाटली.

पंचमीची हकीकत ऐक.

घरचा गणपती बसवून, आरती उरकून चतुर्थीला दुपारी मी गोदामात गेलो. अनुजा आणि शांताबाई पहाटेपासून तोडणी करत होत्या. शांताबाई जुड्या बांधता बांधता तुला मालवणीतून काय काय म्हणत होत्या. सगळं मला कळलं नाही. कळलं तेवढ्याला माझी हरकत नव्हती.

चारच्या सुमारास तुझ्या कंपनीचा ध्रुव नावाचा पोरगा टेम्पो घेऊन आला. गोरा, घामाघूम, छातीवर कंपनीचं नाव. म्हणाला, "मॅम, सिड सरनी सांगितलंय, ऑल बॉक्सेस रेडी आहेत." अनुजाने त्याला ओलीने फुगलेला ढीग दाखवला. "हे हायत. घेऊन जा." तो म्हणाला, "आणि आतलं?" ती म्हणाली, "आतलं ज्यांचं आहे त्यांना जाणार. सिड सरना सांग, त्यांनी जे विकलं ते त्यांनी उगवावं." पोरगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं मी मालक आहे. मी त्याला सांगितलं की मी वजनकाट्यावर बसतो.

टेम्पो रिकामा गेला. त्या पोराबद्दल मला वाईट वाटलं, तुझ्याबद्दल नाही.

मग संध्याकाळी तुझ्या अ‍ॅपवाल्यांपैकी ज्यांना गोदामाचा पत्ता सापडला ते येऊ लागले. वरळीहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. पैसे भरल्याची खूण त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. मला चोर म्हणाले. माझा मुलगा चोर आहे असं म्हणणं जमलं नाही. अनुजा बाहेर आली. प्रत्येकाला तिने एकच सांगितलं की हे माझं शेत आहे, मी तुमच्याकडून पैसे घेतलेले नाहीत, ज्यांनी घेतले त्यांच्याकडे मागा, आणि माझ्याकडे आहे ते आधी ज्यांना शब्द दिला त्यांचं आहे. काहींनी शिव्या दिल्या. एका बाईने पुढच्या वर्षासाठी नाव लिहायला सांगितलं. अनुजाने ते लिहिलं.

पंचमीला सकाळी राजलक्ष्मीबाई आल्या. मी त्यांना निरोप धाडला नव्हता. अनुजाने फोन केला असावा, मी विचारलं नाही. त्या शटरपाशी उभ्या राहिल्या आणि आत न येता म्हणाल्या, "आता कुणाचं आहे?"

अनुजाने कराराचा कागद दाखवायला पेटी उघडली. बाई म्हणाल्या, "कागद नको. तू सांग."

"माझं आहे, आजी."

त्यांनी जुडगा घेतला. अनुजा पैसे घेईना, तर त्यांनी डोळे वटारले. पैसे देऊन, मोजून, त्या निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमच्या पत्नीही पाळायच्या ना?" मी हो म्हटलं. "आज घरी करून खा," म्हणाल्या. वर्गात सांगावं तसं.

मी घरी जाऊन ती भाजी केली. मिळमिळीतच झाली. तुझी आई ती कशी गिळायची देव जाणे. मी पूर्ण खाल्ली.

तुझी आठवण झाली. हे मी थट्टेत लिहीत नाही. तुझी लाज वाटते आणि तुझी आठवण येते, आणि दोन्ही एकाच ताटावर बसतात. कुणाला उठवावं ते मला समजत नाही.

बाबा

*

कॉटन ग्रीन, ११ सप्टेंबर २०२५

सिद्धार्थ,

तुझ्या वकिलाची नोटीस पोचली. तिच्यात मी प्रतिवादी क्रमांक एक आणि तुझी बायको क्रमांक दोन. इतक्या वर्षांत तू मला कुठल्याही बाबतीत पहिला नंबर दिलास त्याबद्दल आभार. नोटिशीत लिहिलंय की 'तळपदे फार्म्स' या तुझ्या चालत्या, नफ्यातल्या धंद्याचा आम्ही दोघांनी संगनमताने ताबा घेतला. नफ्यातला हा शब्द मी पेनाने अधोरेखित करून ठेवलाय. तो तुझ्याकडून लेखी आला.

उत्तर आमचा वकील देईल. मी फक्त नोटीस कशी पोचली ते सांगतो.

परवा रंगारी आला होता. शटरवर नाव घालायचं होतं. मी त्यासाठी सकाळीच चांगला शर्ट घालून गेलो होतो, हेही कबूल करतो. आपल्या घराण्याचं नाव या शहरात एकेकाळी वाड्यांवर होतं, ठाकुरद्वारला एका गल्लीलाही लोक आपल्या नावाने ओळखत. ते सगळं गेलं. निदान एका शटरवर ते पुन्हा येईल आणि या वेळी लाज वाटण्यासारखं काही त्यामागे नसेल, असं माझ्या मनात होतं. करार मी करून दिला, पाइप मी दिले, मुलाशी मी वैर घेतलं. तेवढा हक्क मला आहे असं मी धरून चाललो होतो.

रंगाऱ्याने विचारलं, "काय लिवायचं?"

मी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. "अनुजा परब. खाली, पालेभाजी."

तो लिहायला लागला. तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, चालेल ना?" असं ती विचारेल म्हणून मी थांबलो. तिने विचारलं नाही. करारावरही तिने तेच माहेरचं नाव घातलं होतं, ते मला तेव्हा कळलं. धनेशभाईंच्या पेढीवर मी चष्मा न लावताच सही केली होती. मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. जिभेवर आलं होतं की ज्याची गादी त्याचं नाव नाही, ही कुठली रीत. पण ते वाक्य तुझ्या आवाजात ऐकू आलं. हुबेहूब तुझ्या. कुर्ता घातलेल्या.

मी रंगाऱ्याला म्हटलं, "अक्षरं मोठी काढ. रस्त्यावरून दिसली पाहिजेत."

रंग ओला होता आणि पोस्टमन आला. शिवडीकडचा नवा माणूस, त्याने मला पाहिलेलं नाही. हातात तुझ्या वकिलाचं लांब पाकीट. त्याने शटरवरचं नाव वाचलं, पाकिटावरचं वाचलं, पुन्हा शटर पाहिलं. अनुजा आत माठाची रोपं लावत होती. मी दारात जुड्या बांधत बसलो होतो.

तो म्हणाला, "काका, तळपदे इथंच राहतात काय? नाव तर दुसरं हाय."

मी त्याला सांगितलं, "नाही राहत. तळपदे इथे कामाला आहेत." आणि सही करून पाकीट घेतलं.

बाबा